डावीकडची आठवी खोली

३ नोव्हेंबर, सोमवार

पोचलो एकदाचा. जीपने टेकडीच्या पायथ्याशी सोडलं आणि मान वर केली तर पायऱ्याच पायऱ्या. दोनशे चौदा आहेत. मोजत मोजतच चढलो. ही खोड आता माझ्याबरोबरच जाणार. वर आल्यावर धाप लागली होती, पण मन प्रसन्न झालं. एका अंगाला लेण्यांची रांग, दुसऱ्या अंगाला माझी खोली. खोलीत एक खाट, एक लांबरुंद टेबल आणि उत्तरेची खिडकी. नकाशे काढणाऱ्या माणसाला उत्तरेचा उजेड मिळाला की त्याला आणखी काही नको असतं.

लेण्यांच्या किल्ल्या सांभाळणारे एक गृहस्थ इथे असतात. साठीचे, बोटभर पांढऱ्या दाढीचे. मी मनातल्या मनात त्यांचं नाव किल्लीवाले ठेवलं आहे. त्यांनी आल्या आल्या चहा पुढे केला आणि विचारलं, साहेब, एवढे दमलेले का दिसता. मी प्रवासावर ढकललं. खरं कारण काय सांगायचं? ही गेली त्याला नऊ महिने झाले, आणि त्याआधी चार वर्षं तिचं अंथरूण. तेव्हापासूनचा थकवा हाडांत मुरून बसला आहे. म्हणून तर ऑफिसातल्या मोठ्या बाईंनी हे काम दिलं तेव्हा लगेच हो म्हटलं. तीन आठवडे शांतता, मोजमापं आणि रेघा. यापेक्षा विश्रांती ती काय वेगळी.

एकच घोर आहे. लेकीचे दिवस भरत आलेत, डॉक्टरांनी सव्वीस तारीख दिली आहे. तिला आता आई नाही, सासूही नाही. जावईबापू सोन्यासारखे आहेत, पण रक्त दिसलं की त्यांनाच धरून बसवावं लागतं. लेकीने मागून मागून एकच मागितलं, की त्या वेळी बाबा खोलीच्या दाराबाहेर हवेत. मी शब्द दिला आहे. आज मला सोडायला खास आली, एरवी जीप शनिवारची शनिवार येते. बावीस तारखेला सकाळी नऊला ती खाली उभी राहील आणि मी तिच्यात असेन.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज मोठ्या विहारात पाऊल टाकलं. बाहेर ऊन आणि आत शिरताच अंगावर गारवा. मधोमध मोकळा चौक, भोवती खांब, समोर गाभाऱ्यात बसलेले बुद्ध आणि दोन्ही भिंतींत भिक्षूंच्या खोल्या. छताला दगडातच तुळया आणि वासे कोरले आहेत. त्यांचं वजन पेलायला कुणाची गरज नाही, तरी कोरले. लाकडाच्या घरात वाढलेल्या हातांना दगडातही घर तसंच दिसलं असणार.

किल्लीवाले चांगले माहितगार निघाले. त्यांनी सांगितलं की लेणं वरून खाली खोदतात. आधी छत, मग खांबांचे माथे, मग खांब आणि सगळ्यात शेवटी जमीन. म्हणजे परांचीही बांधावी लागत नाही, कारागीर पायाखालचा दगड कमी करत करत उतरतो. चूक मात्र खपत नाही. काढलेला दगड परत लावता येत नाही. मला ते ऐकून हसू आलं; आमच्याकडे निदान खोडरबर तरी असतो.

माझे गुरुजी या बाबतीत कारागिरांहून कडक होते. मोजल्याशिवाय रेघ ओढायची नाही, असा त्यांचा दंडक. विद्यार्थ्याने अंदाजाने रेघ ओढली की कागद टराटरा फाडायचे. तीस वर्षं मी तो दंडक पाळला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

उजवी भिंत संपवली. आठ खोल्या. प्रत्येकीत झोपायला एक दगडी ओटा, त्याच्या एका टोकाला दगडातच किंचित उंच ठेवलेली उशी, आणि दिव्यासाठी कोनाडा. कुठल्याशा खोलीवर एका अत्तरवाल्याचं नाव आहे, एकीवर एका भिक्षुणीचं. आईवडिलांच्या पुण्यासाठी दिली, असा मजकूर. आठवीच्या ओट्याची लांबी एकशे त्र्याऐंशी सेंटिमीटर. कोणीतरी उंच भिक्षू असावा. मी त्यावर जरा पाठ टेकली आणि चक्क डोळा लागला. किल्लीवाल्यांनी हलवून जागं केलं. त्यांना ते आवडलं नाही.

छिन्नीचे घाव बघण्यासारखे आहेत. सगळे एकाच अंगाला कललेले, म्हणजे सगळे कारागीर उजव्या हाताचे. मी डावखुरा. शाळेत त्यापायी हातावर पट्ट्या खाल्ल्या आहेत, म्हणून अशा गोष्टी माझ्या लगेच लक्षात येतात.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मोठ्या बाईंचा फोन आला. अहवाल छापायला जातोय, विहाराचा नकाशा उद्याच्या जीपने हवा म्हणजे हवा. डावी भिंत मोजायला घेतली तेव्हा दुपार टळली होती. तीन खोल्या झाल्या आणि हात भरून आले. टेप धरवेना.

मग जे केलं ते लिहायची लाज वाटते, पण रोजनिशीत लपवाछपवी करून काय मिळणार. उजव्या भिंतीचा ट्रेसिंग पेपर पालथा केला आणि डाव्या बाजूला जशीच्या तशी छापून घेतली. विहार दोन्ही अंगांनी सारखा असतोच. आकडे हुबेहूब सारखे दिसले तर बाईंना संशय येईल म्हणून इकडेतिकडे थोडे बदलले. डावीकडच्या आठव्या खोलीत ओट्याची लांबी एकशे एकाहत्तर टाकली; डोक्यात पहिला आला तो आकडा. खाली सही ठोकली. सरळ पाट्या टाकल्या. गुरुजी असते तर त्यांनी कागदाबरोबर मलाही फाडलं असतं.

१० नोव्हेंबर, सोमवार

नकाशा शनिवारी गेला. आज मनाला टोचणी लागली म्हणून डावी भिंत नीट मोजायला गेलो. एक, दोन, तीन करत सातवर आलो आणि पुढे काहीच नाही. पुन्हा मोजल्या. सात. आठवीच्या जागी नुसता कोरा कातळ आणि त्यातून वरपासून खालपर्यंत गेलेली एक तिरकी चीर.

किल्लीवाल्यांना सहज म्हणून विचारलं. ते म्हणाले, तिथे दगड वाईट आहे, साहेब. जुन्या लोकांनी बोट लावून पाहिलं आणि सोडून दिलं. कुठे थांबायचं ते त्यांना कळायचं.

बाईंना फोन करून कबूल केलं. त्या आधी चिडल्या, मग त्यांनी सुस्कारा टाकला. पानं छापखान्यात गेलीत, आता कोण येऊन मोजणार आहे, राहू द्या, असं म्हणाल्या. मीही राहू दिलं. वेळ मारून नेली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

झोप भरपूर झाली तरी उठताना अंग मोडून आल्यासारखं. दोन्ही खांदे भरलेत.

त्या कातळावर एक चौकट दिसली. बोटभर खोल, सरळ, दाराएवढी. काल नव्हती असं वाटतं, पण काल उजेड तिरपा नव्हता. जुनीच असणार. लक्ष गेलं नसेल.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

जुनी नाही. आज ती जागा हातभर आत गेली आहे. वरचा भाग आधी, छताकडून. खालचा कातळ अजून तसाच. ज्याला कुणाला हे येतं त्याला नीट येतं.

किल्लीवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं ते मला समजलं. कुलपाच्या दोनच किल्ल्या, एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. मी शपथ घेतली. त्यांनी मग खाली वाकून जमीन दाखवली. एक कपचीही पडलेली नव्हती. एवढा दगड निघाला तर गेला कुठे, हे त्यांनाही कळेना.

घाव मात्र ताजे, पांढरे. आणि सगळे उलट्या अंगाला कललेले.

खोलीवर येऊन हात धुतले. नखांत पांढरी भुकटी होती. दिवसभर लेण्यात वावरतो, असणारच.

१५ नोव्हेंबर, शनिवार

जीप आली आणि गेली. जावं, असं एकदा अगदी ओठांवर आलं होतं. पण दोन लहान लेणी मोजायची राहिली आहेत आणि एकदा काम बिघडवून झालंच आहे, आता अर्धवट टाकून पळालो तर तोंड कुठे दाखवू. एका आठवड्याचा तर प्रश्न.

लेकीचा फोन आला. बाळ आतून लाथा मारतंय, तुमच्यासारखं डाव्या अंगानेच मारतंय, म्हणून हसत होती. मग एकदम म्हणाली, आवाज असा का येतोय तुमचा, बाबा, जड? मी सर्दीवर ढकललं.

तळहातांना घट्टे पडलेत. मी पेन्सिल धरणारा माणूस आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

काल संध्याकाळी माझी किल्ली किल्लीवाल्यांच्या हवाली केली आणि माझ्या खोलीला बाहेरून कडी लावायला सांगितली. ते ओशाळले, पण लावली. कडीत त्यांनी स्वतःच्या हाताने दोरा बांधला. सकाळी दोरा जसाच्या तसा. मी खाटेवरच. आणि विहारात ती जागा अडीच हात खोल झालेली, एका बाजूला ओट्याची कड दिसू लागलेली.

म्हणजे मी नव्हे. तेवढंच समाधान मानून खाटेवरून उठायला गेलो तर उठवेना. किल्लीवाल्यांनी हात दिला. मला उभं करताना त्यांच्या तोंडून कण्हल्यासारखा आवाज निघाला. म्हणाले, साहेब, तुमचं वजन वाढलंय. मी गेले चार दिवस धड जेवलेलो नाही.

दगड कुठे जातो ते मला आता वाटतं कळलंय. लिहिणार नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

नकाशाची माझ्याकडची प्रत काढून बसलो. डावीकडची आठवी. खोडरबर हातात घेतला आणि तसाच बसून राहिलो. खोडून काय करू? आता ती खोली आहे. सात दाखवल्या तर तेही खोटंच होईल.

ओट्याची लांबी एकशे एकाहत्तर. टेप भिंतीला लावून स्वतःची उंची मोजली. मोजायची गरज नव्हती. हॉस्पिटलच्या फॉर्मवर चार वर्षं लिहीत होतो, सोबतच्या नातेवाइकाची माहिती, म्हणजे माझी, उंची एकशे एकाहत्तर.

आणि मग आणखी एक गोष्ट दिसली. पालथ्या कागदावरून छापताना इतर सात खोल्यांना मी दारं सोडली आहेत. रेघ तोडून जागा ठेवली आहे. आठवीला नाही. दमलो होतो, हात थांबला नाही, रेघ सरळ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. चारी बाजूंनी बंद.

माझ्या सहीच्या नकाशात आठव्या खोलीला दारच नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

बाईंना फोन. गयावया केली. त्या म्हणाल्या, पान अजून थांबवता येईल, पण नीट मोजलेला, सहीचा नवा नकाशा शनिवारच्या जीपने आला पाहिजे. तोंडी सांगून चालणार नाही.

म्हणजे दाराची मापं घ्यावी लागतील. आत जाऊन.

स्वतःची समजूत घालतो आहे. दगड काढता येतो, लावता येत नाही. कोरलेलं दार कोणी बुजवू शकत नाही. किल्लीवाल्यांनीच सांगितलंय, विहारातल्या पहिल्या दिवशी.

२० नोव्हेंबर, गुरुवार

जावईबापूंचा फोन. डॉक्टर म्हणाले, सव्वीसपर्यंत थांबणार नाही. दोन-तीन दिवसांत कधीही. लेक मागून विचारत होती, बाबा निघाले का.

किल्लीवाल्यांनी जीपवाल्याला फोन केला. दुसऱ्या कामावर आहे, शनिवारी नऊलाच. मग पायीच उतरायचं ठरवलं. ते एका बाजूला, काठी दुसऱ्या बाजूला. तिसाव्या पायरीला गुडघे वाकले. पायरीला तडा गेला, माझ्या पायाखाली. परत वर यायला दुपार झाली.

ही आजारी होती तेव्हा चार वर्षं मी तिला उचलायचो. ती म्हणायची, दमलात तर सांगा हो. एकदाही सांगितलं नाही. एकदा तरी सांगायला हवं होतं. आता सांगतो. दमलोय.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

खोली पूर्ण झाली. कोनाडा, उशी, सगळं. दार आहे. मी बाहेरूनच पाहिलं. आहे.

किल्लीवाले म्हणतात, नका जाऊ आत. नकाशा गेला खड्ड्यात. पायऱ्या उतरायला ते जीपवाल्याला आणि आणखी दोघांना वर आणतील, मला खुर्चीत घालून नेतील. भला माणूस. पण नकाशा तसाच छापला तर? खोलीला दार नाही, ही माझी सही. ते खोटं खरं करायला कोण कुठवर येईल? लेकीच्या दारापर्यंत आलं तर?

उद्या सकाळी दहा मिनिटांचं काम. रुंदी, उंची, जाडी. रेघ तोडायची, सही करायची, सुटायचं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी ७.२०. किल्लीवाले माझी बॅग घेऊन खाली गेलेत, माणसं आणायला. त्यांना सांगितलं की मी खोलीवरच थांबतो. खोटं बोललो. विहार उघडाच ठेवला होता त्यांनी.

७.४०. आत आहे. फोन आणि कोट बाहेर खांबाशी ठेवलेत, दारातून अंग जेमतेम येतं. दाराची रुंदी एकसष्ट. उंची एकशे बावन्न. लिहिलं. जाडी घ्यायची आहे. जरा बसतो. पाय उचलत नाहीत. ओट्यावर पाच मिनिटं पाठ —

८.३५. डोळा लागला होता. उशी बरोबर मानेखाली येते. किती दिवसांनी अशी झोप —

जाडी. आणि रुंदी एकदा पडताळून. चव्वेचाळीस.

चुकलो असेन. पुन्हा. एक्केचाळीस.

उठता येत नाही. कुशीवर वळून टेप टाकतोय. छत्तीस.

फोन वाजतोय. खांबाशी. लेकीचाच असणार. वाजू दे, येतो, आलोच —

बत्तीस. खांदा अडकला. मागे घेतला. फोन थांबला.

दगड लावता येत नाही असं कोण म्हणालं होतं. जो माझ्यात गेला तो परत — मी हलका होतोय. आत्ता हलका होतोय. पण आता —

८.५५. वीतभर. हात बाहेर जातो. हाक मारली. आवाज छातीतच राहतो.

पावलं. किल्लीवाले. साहेब साहेब करत फिरताहेत. हात आत घ्यावा लागला, मनगट चेपत होतं. चार बोटं. दोन. उजेडाची एक चीर. तिरकी. वरपासून खालपर्यंत. पूर्वी होती तशीच.

ते खोल्या मोजताहेत. मोठ्याने. प्रत्येकीत डोकावून. पाच. सहा. सात.

थांबले. इथेच, समोर. माझ्या आणि त्यांच्या मध्ये हातभर दगड. कातळावरून हात फिरवल्याचा आवाज येतोय. गेली, म्हणाले. आठवी गेली. सुटलो, म्हणाले. हसताहेत, रडताहेत की काय, कळत नाही.

फोन. त्यांनी उचलला. लेकीला सांगताहेत, कळा सुरू झाल्या का बाई, घाबरू नकोस, साहेब इथे नाहीत, म्हणजे फोन विसरून मागच्या पायवाटेने उतरले असणार. बाबा वाटेतच आहेत तुझे.

पावलं लांब.

उजेड सुतभर. लिहिता येतंय तोवर. नकाशा मांडीवर आहे. पेन्सिल आहे. रेघ तोडायची फक्त. दार काढायचं. खोडरबराने एवढीशी जागा, बस्स. पण आकडा लिहावा लागेल. मोजल्याशिवाय नाही. एकदाच चुकलो होतो, आता नाही, आता बरोबर मोजतो, बाळा, आलोच, दाराबाहेरच आहे मी असं समज —

टेप लावली. दाराची रुंदी